सत्तेला हात कोण देतो?

सत्तेने माणूस बिघडतो, असे आपण नेहमी ऐकतो. विहाराच्या ओट्यावर ऐकतो, कचेरीच्या दारात ऐकतो, निवडणुकीचा निकाल लागला की घरोघरी ऐकतो. हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. सत्ताधाऱ्यालाही आपल्यासारखेच दोन हात असतात. त्या दोन हातांनी तो किती कागद खोटे करील, किती लोकांना मारील, किती घरे लुटील? म्हणून वाईट सत्तेला नेहमी दुसऱ्यांचे हात लागतात. कोणी कारकून लागतो, कोणी शिपाई लागतो, कोणी न्यायाधीश लागतो, कोणी साधा गाडीवान लागतो. हे हात कोण देतो, आणि देणाऱ्याची जबाबदारी किती, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्या वाडवडिलांनी सत्ता पाहिली ती खालून. पाटलाचा हुकूम, सावकाराचा हुकूम, देवळाच्या पुजाऱ्याचा हुकूम. हुकूम देण्याची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नाही. आज आपली मुले तलाठी आहेत, फौजदार आहेत, शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत निवडून जात आहेत. खुर्ची लहान असेल, पण ती खुर्ची आहे. तेव्हा सत्तेचा विचार आता केवळ खालून करून भागणार नाही.

यासाठी मी एक जुने नाटक समोर ठेवतो. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. कोणी म्हणेल, संस्कृत नाटकाशी आपला काय संबंध? ज्या भाषेने आपल्याला दाराबाहेर ठेवले, तिच्यातले राजेराण्यांचे खेळ आपण का वाचावेत? शंका रास्त आहे. पण हे नाटक निराळे आहे. यात जुगारी आहेत, चोर आहेत, दासदासी आहेत, गस्तीचे शिपाई आहेत, फाशीच्या जागेवर नेणारे चांडाळ आहेत, आणि एक बौद्ध भिक्खूही आहे. राजा पालक याच्या नावाने सारे चालते. रंगभूमीवर मात्र तो कोठे दिसत नाही. दिसतात ती त्याच्यासाठी राबणारी माणसे. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकात हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि लोकांनी त्यातील प्रेमकथा व पदे डोक्यावर घेतली. आपण त्यातील सत्तेची कथा पाहू.

राजाचा मेहुणा

उज्जयिनी नगरीत शकार नावाचा एक मनुष्य आहे. राजाने ठेवलेल्या स्त्रीचा तो भाऊ. मूर्ख, उर्मट आणि भित्रा. त्याच्या अंगी गुण नाही, पण दरारा मात्र मोठा. कारण त्याची बहीण राजाच्या महालात आहे. सत्तेचा भ्रष्टपणा बहुधा असाच येतो. तो सिंहासनावरून थेट उतरत नाही. तो मेहुण्याच्या, भाच्याच्या, पाहुण्याच्या आणि खास माणसाच्या रूपाने गल्लीत येतो.

या शकाराला वसंतसेना नावाची गणिका हवी आहे. तिचे मन चारुदत्त नावाच्या, दानधर्माने दरिद्री झालेल्या सज्जन ब्राह्मणावर जडलेले आहे. एके दिवशी गाड्यांची अदलाबदल होते, आणि चारुदत्ताच्या गाडीऐवजी वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते. गाडी एका निर्जन बागेत येते. ती आपल्याला वश होत नाही, हे पाहून शकार तिला ठार मारावयाचे ठरवतो. आणि येथे तो काय करतो? तो स्वतःचे हात पुढे करीत नाही. तो दुसऱ्यांचे हात मागतो.

पहिल्यांदा तो आपल्या विटाला सांगतो. विट म्हणजे श्रीमंताच्या पैशावर राहणारा सुशिक्षित, रसिक सोबती. विट नकार देतो. येथे पाहणारे कोणी नाही, असे शकार म्हणतो. त्यावर विट सांगतो की दाही दिशा पाहत आहेत, सूर्यचंद्र पाहत आहेत, आपले अंतःकरण पाहत आहे. उत्तर सुंदर आहे. पण थोड्याच वेळात शकार त्याला गोड थाप मारतो, तू समोर असल्यामुळे ही लाजते, आणि विट बाजूला निघून जातो. त्याने पाप केले नाही, पण पापाला जागा मोकळी करून दिली. शिकलेल्या माणसाचा हा धोका आहे. तो बोलतो उत्तम, आणि नेमक्या वेळी पाठ फिरवतो. पुढे प्रेत पाहून तो हळहळतो आणि शकाराला कायमचा सोडून जातो, हेही सांगितले पाहिजे. पण जी घटका महत्त्वाची होती, त्या घटकेला तो तेथे नव्हता.

उष्टे आणि चारित्र्य

मग शकार आपल्या गाडीवानाकडे वळतो. त्याचे नाव स्थावरक. तो नोकर नाही, दास आहे. विकत घेतलेला माणूस. शकार त्याला आमिष दाखवतो. सोन्याची कडी देईन, सोन्याचे आसन देईन, माझे सारे उष्टे तुला देईन, सगळ्या चाकरांचा मुख्य करीन. स्थावरक प्रत्येक गोष्टीला होय म्हणतो. शेवटी काम सांगितले जाते, तेव्हा तो नाही म्हणतो. त्याच्या म्हणण्याचा भाव असा: मालक, तुमची सत्ता माझ्या शरीरावर आहे, माझ्या चारित्र्यावर नाही. शकार त्याला बडवतो. तो मार खातो, पण हात देत नाही.

वाचकहो, आमिषांच्या यादीत उष्टे आहे, हे ध्यानात घ्या. आपल्या कुळांना त्याचा अर्थ कोणी शिकवावयास नको. घरोघरी हिंडून गोळा केलेली भाकरी, सणावाराचे उरलेसुरले अन्न, आणि त्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकीची वेठ. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे सोडा, असे सांगितले, ते केवळ स्वच्छतेसाठी नव्हते. जो दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगतो, त्याला नाही म्हणणे कठीण जाते. सत्ता हे नीट ओळखून असते. म्हणून ती पहिल्यांदा उष्टे पुढे करते आणि मग काम सांगते. आज ते ताटात येत नाही. ते ठेक्याच्या रूपाने येते, समितीवरील जागेच्या रूपाने येते, पाकिटाच्या रूपाने येते. पण ते उष्टेच असते.

स्थावरकाच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र आपल्याला मान्य होण्यासारखी नाही. आपण दास झालो ते मागच्या जन्माच्या पापामुळे, आता आणखी पाप नको, असे तो मानतो. ही समजूत त्या समाजाने त्याच्या गळ्यात बांधली होती. गरिबांच्या दशेची जबाबदारी समाजाने झटकून टाकावी, एवढाच अशा पूर्वकर्माच्या सिद्धांताचा उपयोग असतो, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परखडपणे मांडले आहे. स्थावरक दास झाला तो कोणीतरी त्याला विकले व कोणीतरी विकत घेतले म्हणून. त्याचे कारण चुकीचे होते. त्याचे आचरण मात्र खरे होते. पुष्कळदा उलट दिसते. विचार शुद्ध सांगणारे भेटतात आणि हात मात्र सहज देऊन टाकतात.

न्यायाची खुर्ची

स्थावरक हात देत नाही, तेव्हा शकार त्यालाही दूर पाठवतो आणि वसंतसेनेचा गळा स्वतः दाबतो. ती मेली असे समजून तिच्यावर पाने टाकतो. स्थावरकाला बेड्या घालून वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोंडतो. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच न्यायालयात जाऊन चारुदत्ताने वसंतसेनेचा खून केला, अशी फिर्याद देतो.

न्यायाधीश वाईट मनुष्य नाही. शकाराला पाहताच तो ओळखतो की हे काही खरे नव्हे. आज तुमची फिर्याद ऐकता येणार नाही, असे तो कळवतो. शकार धमकी देतो: मेहुण्याला, राजाला सांगतो आणि तुझ्या जागी दुसरा न्यायाधीश बसवतो. लगेच फिर्याद दाखल होते. एवढेच घडते. लाच नाही, मारहाण नाही. एक माणूस आपल्या जागेला भ्याला. पुढे साक्षी होतात, दागिने सापडतात, सगळे नियमाप्रमाणे चालते, आणि त्या नियमांच्या पायरीपायरीने एक निरपराध माणूस सुळापर्यंत पोहोचतो. न्यायाधीश शिफारस करतो की मनूच्या वचनाप्रमाणे ब्राह्मणाचा वध करू नये, त्याला देशाबाहेर घालवावे. राजा ते मानीत नाही. तेव्हा न्यायाधीशाजवळ उत्तर तयार असते: निर्णय देणे एवढेच आमचे काम, पुढचे राजाकडे.

येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की ज्या कायद्यात जात पाहून शिक्षा ठरते, तो कायदा सत्तेला रोखू शकत नाही. न्यायाधीशाने चारुदत्त निर्दोष आहे म्हणून त्याला वाचवावयास हवे होते. तो ब्राह्मण आहे म्हणून वाचवू पाहतो, आणि तेही साधत नाही. दुसरी गोष्ट ‘पुढचे राजाकडे’ या उत्तराची. हे उत्तर प्रत्येक कचेरीत जिवंत आहे. मी फक्त टिपण लिहिले, सही साहेबांची. मी फक्त सही केली, टिपण कारकुनाचे. असे हात बदलत बदलत काम होते, आणि शेवटी कोणाच्याच हाताला रक्त लागलेले नसते. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत दाखवले. म्हणजे, जाणून केलेले कृत्य हुकमाच्या आडोशाला लपत नाही.

माझी स्वतःची सही

हे मी दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात ठिकठिकाणी खडी फोडण्याची कामे निघाली, तेव्हा मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. एका कामावर हजेरी लिहिण्याची तात्पुरती नोकरी मिळाली. घरात आनंद झाला. पहिल्याच आठवड्यात वरच्या माणसाने पाच नावे सांगितली आणि वीसजणांच्या टोळीत घालावयास लावली. ती माणसे कामावर कधीच येणार नव्हती. मी विचारले तर तो हसून म्हणाला, “सही तुझी नाही, साहेबांची आहे. तू फक्त लिही.” मी लिहिले.

माझ्या मनाने असा हिशेब केला की पैसा सरकारचा आहे, कोणाचे काय जाते? पण मजुरी मापाप्रमाणे होती. टोळीने फोडलेल्या खडीचे माप घेत आणि तो पैसा हजेरीवरील नावांत वाटत. वीसांच्या घामाचे पंचवीस वाटे झाले. प्रत्येकाच्या मजुरीचा पाचवा हिस्सा गेला. त्या टोळीत माझी सख्खी मावशी होती. पगाराच्या दिवशी तिने नोटा दोनदा मोजल्या आणि मला म्हणाली, “लेकरा, खडी तर मागच्या आठवड्याएवढीच फोडली होती.” तिला माझा संशय नव्हता. मी शिकलेला, मला हिशेब कळेल, म्हणून ती विचारीत होती.

पुढच्या आठवड्यात मी ती नावे लिहिली नाहीत. आठ दिवसांत माझ्या जागी दुसरा मुलगा आला आणि त्याने ती लिहिली. मावशीला मी खरे सांगितले ते पुष्कळ वर्षांनी. या गोष्टीत माझा पराक्रम काही नाही. पण त्या दिवसापासून ‘सत्तेने माणूस बिघडतो’ हे वाक्य मला दुसऱ्यांबद्दल म्हणता येत नाही. माझी सत्ता केवढी? एक पेन आणि एक हजेरीचा कागद. तेवढीही पुरली.

मग नकाराचा उपयोग काय?

आपण नाही म्हटले तर दुसरा होय म्हणतो; मग उपयोग काय? माझ्या मनात हा प्रश्न कैक वर्षे होता. स्थावरकाच्या नकाराने तरी वसंतसेना कोठे सुटली? पण नाटक पुढे पाहा.

पाचोळ्याखालची वसंतसेना मेलेली नसते. त्याच बागेत तळ्यावर चीवर धुण्यासाठी आलेल्या भिक्खूला शकाराने आधी हुसकून लावलेले असते. हा भिक्खू पूर्वीचा अंग रगडणारा, संवाहक. जुगारात दहा सुवर्णांचे देणे झाले असता वसंतसेनेने ते फेडून त्याला सोडवले होते, आणि त्यानंतर त्याने संघाचा मार्ग धरला होता. तो तिला पाहतो, पाणी देतो, विहारातील धम्मभगिनीकडे नेतो. त्याच्याजवळ सत्ता नाही, शस्त्र नाही. ओले चीवर आणि उपकाराची आठवण, एवढेच आहे.

इकडे दोन चांडाळ चारुदत्ताला वधस्थानी नेत आहेत. चारुदत्ताचा लहान मुलगा त्यांना चांडाळ म्हणून हाक मारतो. ते उत्तर देतात की चांडाळ कुळात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हे. सज्जनाला जे छळतात ते चांडाळ. माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, हा तथागतांचा विचार या नाटकात वधस्थानाच्या वाटेवर, त्या दोघांच्या तोंडून येतो. स्थावरक बेड्यांसह वाड्यावरून उडी टाकतो आणि ओरडून खरे सांगतो. शकार म्हणतो, हा चोर आहे, मी बडवला म्हणून खोटे बोलतो. लोक शकाराचे मानतात. दास खरे बोलला तरी कोणाला पटत नाही, असे स्थावरक दुःखाने म्हणतो. हे दुःख आपल्याला ठाऊक आहे.

पण तरीही वेळ गेला. मग एका चांडाळाला बापाचा मरतेवेळचा उपदेश आठवतो: वधाची घाई करू नकोस, कोणी पैसे भरून सोडवील, राजा बदलेल, काहीही होईल. ते पाळी कोणाची यावर बोलतात, वाट काढतात, एकाच्या हातून तलवार गळते. आणि तेवढ्यात भिक्खू वसंतसेनेला घेऊन पोहोचतो. खून झालेली बाईच जिवंत समोर उभी राहते.

म्हणजे एकट्याच्या नकाराने सत्ता हरली नाही. गाडीवानाने नाही म्हटले, भिक्खूने पाणी दिले, दासाने उडी मारली, मारेकऱ्याने घाई केली नाही. यांतील एकालाही दुसऱ्याचे सगळे ठाऊक नव्हते. प्रत्येकाने थोडा उशीर केला, आणि त्या उशिरात सत्य पोहोचले.

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकातही असाच प्रसंग आहे. कॉर्नवॉल नावाचा सत्ताधीश म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढत असताना त्याचाच एक नोकर तलवार उपसून आडवा येतो. लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण तुम्हाला थांबवण्याएवढी चांगली चाकरी कधी केली नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. त्याला मागून भोसकले जाते. ग्लॉस्टरचा दुसरा डोळाही वाचत नाही. पण त्या नोकराने केलेल्या जखमेने कॉर्नवॉल मरतो. त्या नोकराला नाटकात नावसुद्धा दिलेले नाही.

राजा बदलला, पुढे काय?

मृच्छकटिकाच्या शेवटी पालक राजा मारला जातो आणि आर्यक नावाचा गवळ्याचा पोर राजा होतो. स्थावरकाची दास्यातून सुटका होते. भिक्खूला सर्व विहारांचा प्रमुख नेमतात. आणि त्या दोन चांडाळांना काय मिळते? त्यांना सर्व चांडाळांचे मुख्य करतात. म्हणजे चांडाळ ते चांडाळच राहिले. राजा बदलला, व्यवस्था बदलली नाही. जे मिळाले ते हक्क म्हणून मिळाले नाही, राजाची मेहेरबानी म्हणून मिळाले. उद्या या राजालाही मेहुणा असेल.

पालि ग्रंथांतील अग्गञ्ञ सुत्तात राजाची उत्पत्ती निराळी सांगितली आहे. चोरी आणि भांडणे वाढली, तेव्हा लोकांनी एकत्र येऊन आपल्यातील योग्य माणूस निवडला, दोषीला शासन करण्याचे काम त्याला दिले आणि त्याबद्दल आपल्या भाताचा वाटा त्याला देऊ केला. सर्वांनी मान्य केला म्हणून तो महासंमत. म्हणजे राजा हा देवाने पाठवलेला मालक नव्हे, लोकांनी नेमलेला आणि लोकांच्या भातावर जगणारा माणूस आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी याच दिशेचा इशारा दिला. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले. कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये. हा इशारा आपल्या पुढाऱ्यांनाही लागू आहे, आणि पुढाऱ्यांपेक्षा आपल्याला अधिक लागू आहे.

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, आपण दीक्षा घेतली तेव्हा चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, असे म्हटले. ते केवळ परक्याच्या खिशाबद्दल नव्हते. दुसऱ्याच्या हुकमाने केलेली चोरी ही चोरीच, आणि साहेबाच्या सांगण्यावरून लिहिलेले खोटे नाव हे आपणच बोललेले खोटे. घरात मुलगा नोकरीला लागला, सून पंचायतीत निवडून आली, की आपण पेढे वाटतो. जरूर वाटावेत. पण त्याच संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून ही गाडीवानाची गोष्ट वाचावी, आणि त्या मुलाला, त्या सुनेला विचारावे की उद्या कोणी तुझा हात मागितला, तर तू काय सांगशील? नोकरी गेली तर घर तुझ्यामागे उभे राहील, हेही त्याच वेळी सांगावे. कारण एकट्याला नाही म्हणणे फार जड जाते. मला त्या वेळी हे घरातून कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते.